तेंपुरा हा शब्द आला कोठून?

आपल्याकडील शहरांतल्या जपानी उपाहारगृहांत ‘टेम्पुरा’ या नावाने जो पदार्थ मिळतो, त्याचा मूळ उच्चार ‘तेंपुरा’ असा आहे. जपानी भाषेत ट, ड हे मूर्धन्य वर्ण नाहीत, त्यामुळे आरंभीचा वर्ण दंत्य ‘त’ आहे. त्यापुढचा अनुस्वार मराठी माणसाला मुळीच शिकवावा लागत नाही. मराठीत ‘चंपा’ म्हणताना अनुस्वाराचा म् होतो आणि ‘वंदन’ म्हणताना त्याचाच न् होतो. जपानीतील अनुनासिक वर्णही नेमका याच नियमाने पुढच्या व्यंजनानुसार रूप बदलतो. सोललेली कोळंबी, माशाचा तुकडा किंवा भाजीची चकती गव्हाच्या पातळ, थंडगार पिठात बुडवून भरपूर तेलात तळली, की त्या पदार्थाला तेंपुरा म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. गुंता आहे तो नावाचा, कारण हे नाव जपानी लिपीत लिहिलेले असले, तरी ते जपानी वाटत नाही, आणि ते कोणत्या भाषेतून आले याची जी कथा सर्वत्र सांगितली जाते, ती वाटते तितकी पक्की नाही.

प्रथम लिखाणाकडे पाहू. तेंपुरा हा शब्द चिनी चित्राक्षरांत लिहिताना तीन अक्षरे वापरतात. पहिल्याचा अर्थ आकाश, दुसऱ्याचा गव्हापासून काढलेला चिकट अंश आणि तिसऱ्याचा झिरझिरीत रेशमी वस्त्र. दुसऱ्या अक्षराच्या जागी कधी कधी ‘स्त्री’ या अर्थाचे, त्याच उच्चाराचे अक्षरही आढळते. एकाच शब्दात गव्हाचा अंशही चालतो आणि स्त्रीही चालते, यावरूनच चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल, की येथे अर्थाला महत्त्व नाही. शब्द आधी तोंडी आला आणि मग त्याच्या ध्वनीला जुळतील अशी अक्षरे शोधून बसवली गेली. जपानीत या पद्धतीला ‘आतेजी’ म्हणतात. पोर्तुगिजांनी नेलेल्या ‘कोंफेइतो’ या साखरेच्या दाणेदार मिठाईचे जपानीत ‘कोंपेइतो’ झाले आणि ते लिहिण्यासाठी ‘सोने’, ‘सपाट’ आणि ‘साखर’ अशी अक्षरे निवडली गेली. ती मिठाई ना सोन्याची, ना सपाट. तेव्हा तेंपुराच्या अक्षरांचे अर्थ जोडून व्युत्पत्ती काढण्याचा मोह टाळलेला बरा. आपल्याकडेही गावांच्या नावांची संस्कृतात फोड करून व्युत्पत्ती सांगणारे भेटतात, आणि त्यांचेही बहुधा असेच फसते.

आता ती प्रसिद्ध कथा. रोमन कॅथलिक पंथात वर्षाच्या चार ऋतूंत प्रत्येकी तीन दिवस, म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि शनिवार, उपवासाचे आणि प्रार्थनेचे म्हणून पाळले जात. लॅटिनमध्ये त्यांना ‘क्वातुओर तेंपोरा’, म्हणजे ‘चार काळ’, असे नाव होते, आणि पोर्तुगीज भाषेत त्यांचे ‘तेंपोराश’ झाले. या दिवसांत मांस वर्ज्य असे, मासे आणि भाज्या चालत. सोळाव्या शतकात जपानमध्ये राहणारे पोर्तुगीज धर्मगुरू आणि व्यापारी या दिवशी पिठात बुडवून तळलेले मासे खात; हे काय चालले आहे असे जपानी माणसाने विचारले असता ‘तेंपोराश’ असे उत्तर मिळाले, आणि दिवसाचे नाव पदार्थाला चिकटले, असे ही कथा सांगते. उपवासाच्या दिवशी तळलेले खाण्यात आपल्याला तरी नवल वाटायला नको. एकादशीला साबुदाण्याचे वडे तळणाऱ्या घरांत ही गोष्ट न सांगताही समजण्यासारखी आहे.

कथेची पार्श्वभूमी पूर्णपणे ऐतिहासिक आहे, आणि तिचा एक धागा थेट गोव्यातून जातो. पोर्तुगीज प्रथम १५४३ मध्ये जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर पोचले. त्यानंतर काही वर्षांनी आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ मलाक्कामार्गे गोव्यात आला, तेथील सेंट पॉल महाविद्यालयात शिकला आणि १५४८ मध्ये त्याचा गोव्यातच बाप्तिस्मा झाला. त्यालाच दुभाषा म्हणून बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर, ज्याला गोवेकर आजही ‘गोंयचो सायब’ म्हणतात, एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला कागोशिमा येथे उतरला. पुढे १५७१ पासून नागासाकी हे बंदर पोर्तुगीज व्यापाराचे मुख्य ठाणे झाले, आणि गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी जहाजांची वाट जवळजवळ सत्तर वर्षे चालू राहिली. पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साऱ्या कारभाराचे मुख्य ठिकाण गोवा असल्यामुळे जपानकडे जाणारी माणसे, पत्रे आणि सवयी याच वाटेने गेल्या. जपानी माणूस पावाला ‘पान’ म्हणतो आणि मराठी माणूस ‘पाव’ म्हणतो. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज ‘पांव’ची लेकरे आहेत. तळण्यासाठी वापरला जाणारा पावाचा चुरा जपानीत ‘पांको’ म्हणून ओळखला जातो, तोही याच ‘पान’वरून.

असे असूनही तेंपोराशच्या कथेबद्दल सावध राहण्याची कारणे आहेत. ध्वनिसाम्य जबरदस्त आहे, हे मान्य केले पाहिजे: आजच्या पोर्तुगालमध्ये आघात नसलेला ‘ओ’ हा ‘उ’कडे झुकतो, त्यामुळे तेथील माणसाच्या तोंडी हा शब्द ‘तेंपुराश’ असाच ऐकू येतो. परंतु ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे, तो फक्त शोध कोठे घ्यावा याचा इशारा आहे. खुद्द पोर्तुगालमध्ये या नावाचा कोणताही पदार्थ नाही. तेथे पिठात बुडवून तळलेल्या श्रावणघेवड्याच्या शेंगांचा एक लोकप्रिय पदार्थ आहे, पण त्याचे नाव ‘पेइशिन्युश द ओर्ता’, म्हणजे ‘मळ्यातले छोटे मासे’, असे आहे. तळलेल्या शेंगा दिसायला लहान मासळीसारख्या असतात म्हणून. शिवाय कॅथलिकांना मांस वर्ज्य असलेले दिवस वर्षात पुष्कळ होते. दर शुक्रवार होता, ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ होता. त्या सर्वांना सोडून वर्षातून फक्त बारा दिवस येणाऱ्या व्रताचेच नाव पदार्थाला का मिळावे, याचे समाधानकारक उत्तर ही कथा देत नाही.

दुसरा उमेदवार आहे ‘तेंपेरो’. पोर्तुगीज भाषेत ‘तेंपेरार’ म्हणजे मसाला, मीठ वगैरे घालून पदार्थ चविष्ट करणे, आणि ‘तेंपेरो’ म्हणजे तो मसाला. ध्वनीच्या दृष्टीने हा शब्द थोडा मागे पडतो, पण स्वयंपाकघराच्या दृष्टीने पुढे येतो, कारण मुदपाकखान्यात धार्मिक दिनदर्शिकेपेक्षा मीठमसाल्याचे शब्द अधिक वेळा उच्चारले जातात. नागासाकीत आजही जो स्थानिक तेंपुरा करतात, त्याच्या पिठातच साखर, मीठ आणि साके घातलेली असते, त्याचे आवरण जाड असते आणि तो बरोबर काही न घेता तसाच खातात. तोक्योचा तेंपुरा याच्या उलट आहे: पीठ जवळजवळ बेचव, आणि चव सारी बाहेरच्या सॉसमध्ये. पोर्तुगीज वस्तीच्या गावातच ‘चव दिलेल्या पिठाचा’ प्रकार टिकून राहावा, हे मला तेंपेरोच्या बाजूने जाणारे वाटते. मात्र यालाही निर्णायक म्हणता येत नाही. देवळाला वाचक असलेल्या ‘तेंप्लो’ या शब्दावरून नाव आले असेही कोणी म्हणतात. त्या मतात फारसे बळ नाही.

तिसरी कथा मात्र अस्सल जपानी आहे, आणि तिच्यात भारत अनपेक्षितपणे डोकावतो. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथे सान्तो क्योदेन नावाचा लोकप्रिय लेखक १७६१ ते १८१६ या काळात होऊन गेला. त्याचा धाकटा भाऊ क्योझान याने १८४६ च्या सुमारास लिहिलेल्या आठवणींत असे सांगितले आहे, की ओसाकाहून एका कलावंतिणीला घेऊन पळून आलेला एक तरुण एदोमध्ये तळलेल्या माशांची गाडी लावणार होता आणि त्याने क्योदेनकडे दुकानाच्या पाटीसाठी नाव मागितले. क्योदेनने ‘तेंपुरा’ असे लिहून दिले आणि स्पष्टीकरण केले: तू ‘तेंजिकु रोनिन’ आहेस, म्हणजे ठावठिकाणा नसलेला भटक्या, आणि ‘फुरारी’, म्हणजे असाच भटकत, एदोला येऊन पोचलास; म्हणून ‘तेन’ आणि ‘फुरा’. त्यावर अक्षरांचीही मखलाशी केली, की मधले अक्षर गव्हाचे आणि शेवटचे तलम वस्त्राचे, म्हणजे गव्हाचे तलम वस्त्र नेसलेला मासा. यातील ‘तेंजिकु’ हे जपानीतील भारताचे जुने नाव आहे. बुद्धाचा देश म्हणून तो आदराने उच्चारला जाई, पण अतिदूरचा आणि कधी न दिसणारा देश म्हणून बेपत्ता माणसाच्या थट्टेतही तोच कामी येई.

गोष्ट इतकी गोड आहे की ती खरी असावी असे वाटते, पण ती खरी असू शकत नाही. क्योदेनचा जन्म होण्याच्या जवळपास शंभर वर्षे आधी, १६६९ च्या एका जपानी पाकग्रंथात ‘तेंपुरा’ हे नाव आलेले आहे. पुढे १७४८ मध्ये छापलेल्या दुसऱ्या एका पाकग्रंथात तर कृतीही आहे: कोणताही मासा घ्यावा, गव्हाच्या पिठात घोळवावा आणि तेलात तळावा, त्याला तेंपुरा म्हणतात. फार तर असे म्हणता येईल, की आधीच रूढ असलेल्या शब्दावर ही तीन अक्षरे बसवण्याचे कौतुक क्योदेनच्या नावावर जमा झाले. मोठ्या लेखकाच्या नावावर गावभरचे विनोद जमा होतात, तसाच हा प्रकार दिसतो.

मग निष्पन्न काय? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द जपानीत होता, त्याला जपानी मूळ सापडत नाही, आणि त्याआधीच्या शतकात पोर्तुगिजांचा वावर होता, इतके खात्रीने सांगता येते. म्हणून शब्द पोर्तुगीज असण्याची शक्यता फार मोठी आहे. तो नेमका कोणता शब्द, हे ठरवणारा कागद मात्र नाही. शब्दकोश आणि उपाहारगृहांची माहितीपत्रके यांनी तेंपोराश निश्चित करून टाकला आहे, ती घाई आहे.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो: शब्दाचे मूळ आणि पदार्थाचे मूळ एकच असेल असे नाही. तेलात तळणे जपानला पोर्तुगिजांनी शिकवले, हे विधान अर्धवट आहे. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकातच, चीनमधून पिठाचे तळलेले गोड पदार्थ जपानमध्ये आलेले होते, आणि पुढे बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात, ज्याला ‘शोजिन’ म्हणतात, भाज्या आणि सोयाबीनचे पनीर तेलात तळले जाई. भाज्यांच्या तळणाला अजूनही ‘शोजिन-आगे’ असे वेगळे नाव आहे. पोर्तुगिजांकडून आलेली गोष्ट म्हणजे माशाला पिठाचे आवरण देऊन तळण्याची रीत, आणि कदाचित तिचे नाव. तोकुगावा इएयासू हा शोगुन १६१६ मध्ये तेंपुरा खाऊन मेला, अशीही एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याने खाल्लेला ‘ताई’ मासा तेलात तळलेला होता आणि वर लसणाच्या जातीची पात घातलेली होती, पण पिठाच्या आवरणाचा उल्लेख नाही. शिवाय तो त्यानंतर सुमारे तीन महिने जगला आणि त्याला पोटाचा कर्करोग असावा असे मानले जाते. ही कथा बाजूला ठेवावी.

आपण आज ज्याला तेंपुरा म्हणतो तो घडला एदोच्या रस्त्यांवर. सतराव्या शतकापर्यंत वनस्पती तेल मुख्यतः दिव्यासाठी वापरले जाई आणि ते महाग होते. पुढे मोहरीवर्गीय बियांचे तेल मोठ्या प्रमाणावर निघू लागले, आणि अठराव्या शतकात दहा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या एदोत, जेथे कामासाठी आलेल्या एकट्या पुरुषांची संख्या फार मोठी होती, झटपट पोट भरणाऱ्या गाड्यांना बरकत आली. लाकूड आणि कागदाच्या घरांचे हे शहर आगीला विलक्षण भीत असे; १६५७ च्या आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला होता. उकळत्या तेलाची कढई घरात नको, या भीतीमुळे तळणीचा धंदा उघड्यावर, गाडीवरच राहिला. समोरच्या खाडीत पकडलेली कोळंबी, आनागो नावाची समुद्री वाम, कोहादा नावाची छोटी मासळी आणि शिंपल्यांतला गर बांबूच्या काडीला टोचून तळून देत, आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्याच ती काडी सामाईक भांड्यातल्या सॉसमध्ये बुडवून, किसलेल्या मुळ्याबरोबर खाई. मुळा हा तेलकटपणावरचा उतारा. पोटाला हलके वाटावे म्हणून तो आजही ताटात असतो. आपल्याकडे भज्यांबरोबर तळलेली मिरची येते, ती पोटाच्या काळजीने नव्हे.

त्या काळी एदोत तेंपुरा म्हणजे मासळीच. किताग़ावा मोरिसादा या गृहस्थाने १८३७ पासून शहरी चालीरीतींची जी प्रचंड टिपणवही लिहायला घेतली, तिच्यात त्याने स्पष्ट नोंदवले आहे, की भाजी तळली तर एदोतही तिला तेंपुरा म्हणत नाहीत, नुसते ‘आगेमोनो’, म्हणजे ‘तळण’, म्हणतात. आणि क्योतो-ओसाकाकडे तेंपुरा म्हटले की माशाच्या वाटलेल्या गराचा तळलेला गोळा समोर येतो. म्हणजे एकच शब्द, आणि दोन शहरांत दोन निराळे पदार्थ. हा फरक पूर्णपणे मिटलेला नाही. पश्चिम जपानमध्ये माशाच्या तळलेल्या वड्यांना अजूनही तेंपुरा म्हणतात, आणि तोक्योचा माणूस तेथे कोळंबीच्या अपेक्षेने हे नाव उच्चारतो तेव्हा थोडा गोंधळतो. एदोची पद्धत देशभर पसरण्यास एक दुर्घटनाही कारण झाली: १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक आचारी इतर शहरांत पांगले आणि आपली रीत बरोबर घेऊन गेले.

आता पदार्थाच्या आतील कामाकडे वळू, कारण तेंपुरा आणि भजी यांना ‘एकच’ म्हणणाऱ्यांची चूक येथेच होते. भज्यांचे पीठ हरभऱ्याचे असते आणि हरभऱ्यात ग्लुटेन नसते. त्यामुळे बेसन हवे तितके फेटावे. हाताने फेटल्याने त्यात हवा शिरते आणि भजी हलकी होतात, वर मोहन घातले की खुसखुशीत होतात. तेंपुराचे पीठ गव्हाचे असते. गव्हाच्या पिठातील ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिने पाण्यात भिजून, ढवळल्याने एकमेकांत गुंतली, की त्यांचे लवचिक जाळे तयार होते. पोळीच्या कणकेत हेच जाळे हवे असते, म्हणून आपण कणीक मळून मुरवत ठेवतो. तेंपुरात ते अजिबात नको असते, कारण जाळे झाले की आवरण कडक न होता वातड होते. म्हणून जपानी आचारी सर्व काही उलटे करतो: कमी ग्लुटेनचे पीठ घेतो, पाणी बर्फासारखे थंड घेतो, अंडे आधी पाण्यात मिसळतो, पीठ तळायच्या अगदी आधी टाकतो आणि जाड काड्यांनी चारदोन फेऱ्यांत सोडून देतो. भांड्यात पिठाच्या गुठळ्या दिसत असतात, आणि त्या दिसल्याच पाहिजेत. गुठळ्या मोडण्याची सवय लागलेल्या आपल्या हाताला हे फार जड जाते. आपल्याकडच्या मैद्यात ग्लुटेन थोडे जास्त असते, म्हणून घरी करताना त्यात तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोअर मिसळणे शहाणपणाचे ठरते.

तेल साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअस असते; भाज्यांना कमी, मासळीला जास्त. पिठाचा थेंब तेलात टाकून पारख करतात: तो तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल थंड आहे, मध्यावरूनच उसळला तर मासळीसाठी योग्य, आणि पृष्ठभागावरच फुटून पसरला तर फार तापले आहे. पिठातले पाणी वाफ होऊन झपाट्याने बाहेर पडते, त्याने आवरणात बारीक पोकळ्या होतात, आणि आतली कोळंबी त्या आवरणाच्या आड स्वतःच्याच ओलाव्यात शिजते. मुरलेले आचारी डोळ्यांइतकेच कानांनी तळतात. पाणी संपत आले की तेलाचा आवाज जाड बुडबुड्यांचा न राहता बारीक, उंच होतो. बारीक चिरलेल्या भाज्या पिठात कालवून त्यांचा एकत्र गोळा तळला, तर त्याला ‘काकिआगे’ म्हणतात. आपली खेकडा भजी याच्या सर्वांत जवळ जातात.

या पिठाला जपानीत ‘कोरोमो’ असे नाव आहे, आणि कोरोमो म्हणजे वस्त्र. हा शब्द थट्टेसाठी फार सोयीचा ठरला. छोट्याशा कोळंबीला जाड कोरोमो चढवून मोठे भासवणारे तळणारे काही कमी नव्हते, त्यावरून वरवरचा मुलामा दिलेल्या कोणत्याही वस्तूला तेंपुरा म्हणण्याची रीत पडली. सोन्याचे पाणी चढवलेले घड्याळ हे ‘तेंपुरा घड्याळ’ झाले, आणि विद्यापीठाचा गणवेश घालून वर्गात बसणारा, पण पटावर नाव नसलेला तोतया विद्यार्थी ‘तेंपुरा गाकुसेई’, म्हणजे तेंपुरा विद्यार्थी, म्हणून ओळखला जाऊ लागला.